कर्जतच्या फलाटावर

भूक वेळापत्रक पाहून लागत नाहीं, असें म्हणतात. परंतु मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या मनुष्याची भूक बरोबर कर्जतलाच जागी होते. नुकताच पुष्कळ वर्षांनीं आम्हीं हा प्रवास केला, आणि प्रवाशाच्या हातीं खाद्य देण्याची त्वरा किती पालटली आहे हें ध्यानांत आलें.

कर्जतला गाडी थांबते ती कोणाच्या भुकेकरितां नव्हे. पुढें बोरघाट आहे. १८६३ सालीं खुल्या झालेल्या या लोहमार्गावर सदतीस फूट पुढें जावें तेव्हां एक फूट वर चढावें, इतका खडा चढ आहे. म्हणून कर्जतला गाडीच्या पाठीशीं जादा इंजिनें जोडतात व तीं मागून रेटतात. १९२९ सालीं घाटांत वीज आली, १९३० सालीं ‘डेक्कन क्वीन’ धांवूं लागली, तरी हें रेटणें सुटलें नाहीं. इंजिनें जोडावयास जीं दोनचार मिनिटें लागत, तेवढेंच वडेवाल्याचें दुकान!

१९४८ सालीं अमेरिकेंत सॅन बर्नार्डिनो गांवीं मॅक्डोनल्ड बंधूंनीं आपल्या उपाहारगृहाची नवी घडी बसविली. पदार्थ नऊच ठेविले; बश्या-चमचे जाऊन कागद आला; प्रत्येकास एकच काम नेमून दिलें. या युक्तीचें जगभर कौतुक झालें. आमच्या बाळपणीं कर्जतला तीच युक्ति आम्हीं पाहिली: पदार्थ एक, पुडे बांधलेले, चटणी आंतच, भाव ठरलेला. संभाषण दोनच शब्दांचें: “किती?” “चार!”

१९७२ सालची गोष्ट. आम्ही तेव्हां बारा वर्षांचे होतों. पुडा खिडकींतून आंत आला, आणि वडील पैसे काढतात तोंच गाडी हलली. वडेवाला चार पावलें धांवला व ओरडला, “परत येतांना द्या!” आम्हीं वडे खाल्ले, वडिलांनीं मात्र एकही तोंडांत घातला नाहीं. आठ दिवसांनीं परततांना ते कर्जतला उतरले व त्यास हुडकून पैसे दिले. त्यास कांहींच आठवत नव्हतें. “लोक देऊन जातात,” एवढेंच तो म्हणाला.

या खेपेस आम्ही ‘वंदे भारत’ गाडीनें गेलों. मुंबई-सोलापूर ही गाडी फेब्रुवारी २०२३ मध्यें सुरू झाली. तिची चालक शक्ति अनेक डब्यांखालीं वांटलेली असल्यामुळें तिला मागून रेटणारें इंजिन लागत नाहीं. अर्थात् ती कर्जतला थांबतही नाहीं. खाद्याचें ताट जागेवर आलें. त्याचें मोल तिकिटाबरोबरच चुकतें झालें होतें. सर्व कांहीं ऊन आणि स्वच्छ. म्हाताऱ्यांना फलाटावर उतरण्याची धास्ती नाहीं, हें सुख थोडें नव्हे. परंतु बंद कांचेबाहेर कर्जतचा फलाट आला आणि गेला. वाढणाऱ्याचा चेहरा आम्हांस आतां आठवत नाहीं. त्यासही आमचा आठवत नसेल.

परततांना आम्हीं कर्जतला थांबणारी, उघड्या खिडक्यांची गाडी मुद्दाम निवडली. वडेवाला आला, पुडा क्षणांत हातीं पडला. पैसे देण्याकरितां त्यानें गळ्यांतील चौकटींची पाटी पुढें केली. आम्हीं मोबाइल उघडला; पडद्यावर एक चक्र फिरत राहिलें. जवळ सुटे पैसे नव्हते. गाडी हलली. वडा हातीं येण्यास पूर्वीपेक्षां अधिक वेळ लागला नव्हता. उशीर झाला तो पैशांनाच. तो तरुण खिडकीबरोबर चालत होता. “राहूं द्या, काका, पुढच्या वेळीं द्या!” असें म्हणून तो मागें राहिला.

त्या दिवशीं पडद्यावर अखेर नकारच आला. रक्कम आम्हीं टिपणवहींत लिहून ठेविली आहे. पुढल्या महिन्यांत पुन्हां त्याच गाडीनें जाणें आहे. त्या तरुणाचा चेहरा आम्हांस नीट आठवतो.