पाच खोल्यांचे घर आणि प्रमुखाचे घर

उत्खननाच्या अहवालात प्रकरणांच्या क्रमाचा प्रश्न लवकर सुटतो. कुदळ वरच्या, म्हणजे अलीकडच्या थराकडून खालच्या जुन्या थराकडे जाते आणि अहवाल बहुधा तळापासून वर चढतो. नेवाशाच्या १९५४–५६ मधील उत्खननाचा अहवाल १९६० मध्ये निघाला, तेव्हा पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फ्रॉम हिस्टरी टु प्री-हिस्टरी ॲट नेवासा’ या शीर्षकात कुदळीचीच दिशा ठेवली. ही निवड आजही धीट वाटते. वर्षानुवर्षे सुटत नाही तो प्रश्न दुसरा आहे: प्रत्यक्ष दिसलेले कोठे संपले आणि त्याचा लावलेला अर्थ कोठे सुरू झाला, हे वाचकाला कोणत्या पानावर कळावे?

घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याबरोबर दगडी हत्यारेही वापरणाऱ्या शेतकऱ्यांची, वसाहत उघडी केली. ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी यांचा अहवाल १९८८ मध्ये आला. तेथे पूर्व जोर्वे, म्हणजे जोर्वे संस्कृतीच्या आरंभीच्या, काळातील पाच खोल्यांचे एक घर आणि त्याशेजारी धान्यकोठार सापडले व ते वसाहतीच्या प्रमुखाचे घर मानले गेले. खोल्या मोजता येतात. प्रमुख मोजता येत नाही. हा निष्कर्ष पटण्याजोगा आहे, परंतु ‘प्रमुखाचे घर’ हे नाव एकदा नकाशाखाली बसले की पुढे खापरांच्या आणि हाडांच्या कोष्टकांतही तेच उतरते, आणि जे सिद्ध करायचे तेच पुरावा म्हणून परत येते. प्रौढांच्या दफनांत घोट्याखालचे पाय तोडलेले आढळले, तेथेही ही नोंद आणि मृत परत चालत येईल ही त्यामागे मानलेली भीती, या दोहोंमध्ये अंतर राखावे लागते.

गुडघ्यांमुळे खंदकात उतरणे बंद झाल्यापासून प्रस्तुत लेखकाला विद्यार्थ्यांच्या नोंदवह्यांवरून अहवाल रचावा लागतो, आणि त्यामुळे ही अडचण अधिकच टोचू लागली आहे. वहीत ‘चूल’ असे लिहिलेले असते. भाजलेली माती किती जाड होती, राख कोठवर पसरली होती, हे नसते. अलीकडच्या अनेक अहवालांत तर प्रयोगशाळांची कोष्टके परिशिष्टांत कोंबलेली असतात आणि अर्थनिर्णयाचे प्रकरण आरंभीच मिरवते. ही घसरण आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. तरीही प्रस्तुत लेखकाचा जीव त्याच प्रकरणात अडकतो, कारण थरांच्या वर्णनासाठी कोणी कोणाचे नाव स्मरत नाही, आणि नाव स्मरले जावे ही इच्छा या वयातही ओसरलेली नाही.

नोंद आणि अर्थ यांची प्रकरणे वेगळी केल्यानेही प्रश्न पुरता मिटत नाही. खंदकाच्या उभ्या कडेवर, म्हणजे छेदावर, पाणी शिंपडून करणीच्या टोकाने दोन थरांमधली रेषा ओढली जाते, तेव्हा रंगाचा कोणता फरक थर मानायचा याचा निर्णय त्या हातानेच घेतलेला असतो. म्हणून जेथे रेषा संशयास्पद होती तेथे ती तुटक काढावी आणि संशयाचे कारण त्याच पानावर, आकृतीखालीच द्यावे, असा या लेखकाचा आग्रह आहे. अशा पानांनी अहवाल जाड होतो आणि प्रकाशक कुरकुरतात, तरीही.