कचरापेटीची नोंदवही

गेल्या हिवाळ्यात, दिल्लीच्या सरकारी निवासस्थानी, माझ्या हातून एक चूक घडली. जुना लॅपटॉप टाकून देणे जिवावर आले, म्हणून त्यावर मी स्वतःच डेबियन लिनक्स बसवले. यंत्र हलके राहावे यासाठी सॉफ्टवेअर अगदी मोजके घेतले. फाईली हाताळण्यासाठी ‘थुनार’ हा छोटा फाईल मॅनेजर. एका संध्याकाळी आवराआवर करताना एका फोल्डरवर डिलीटची कळ दाबली. ‘कायमचे पुसायचे का?’ असा प्रश्न पडद्यावर आला. दिवसभर मान्यतेच्या सह्या करून सरावलेल्या हाताने ‘हो’ म्हटले.

त्या फोल्डरमध्ये वडिलांची १९ आंतर्देशीय पत्रे स्कॅन करून ठेवलेली होती. माझ्या पहिल्या नेमणुकीच्या काळात त्यांनी ती साताऱ्याहून लिहिली होती.

कचरापेटीतून परत काढू, या भरवशावर मी ती शोधू लागलो. पण ती नव्हतीच! थुनार कचरापेटीसाठी ‘जीव्हीएफएस’ नावाच्या वेगळ्या घटकावर अवलंबून असतो. आणि हलकेपणाच्या हौसेपायी मी नेमका तोच वगळला होता.

रात्री तो घटक बसवला, लॉग-आउट करून पुन्हा प्रवेश केला, तेव्हा डाव्या रकान्यात कचरापेटीचे चिन्ह उमटले. एक निरुपयोगी फाईल तीत टाकून पाहिली. मग कुतूहलाने ‘लोकल’, ‘शेअर’, ‘ट्रॅश’ अशा वाटेने त्या लपलेल्या फोल्डरात शिरलो. आत दोन कप्पे होते. ‘फाईल्स’मध्ये टाकलेली वस्तू, आणि ‘इन्फो’मध्ये तिच्याच नावाची छोटी नोंद: मूळ ठिकाण कोणते, आणि कोणत्या दिवशी, किती वाजता टाकली. लिनक्सच्या अनेक फाईल मॅनेजरांनी स्वीकारलेल्या या संकेतात एक नियम असा आहे की, आधी नोंद करावी आणि मगच फाईल हलवावी.

आयुष्यभर आवक-जावक नोंदवह्या पाहिलेल्या माणसाला हे वाचून गहिवरून येणे स्वाभाविक आहे. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाचा गाभा याहून फार निराळा नाही. विहित पद्धतीखेरीज अभिलेख नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १९९७ च्या नियमांप्रमाणे रीतसर नोंद आणि पुनर्विलोकन झाल्याशिवाय कागद नष्ट करता येत नाही. या पायऱ्यांना आपण दप्तरदिरंगाई म्हणतो, आणि पुष्कळदा ती असतेही. पण केनेथ ॲरो आणि ॲन्थनी फिशर या अर्थशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवले होते की, जो निर्णय फिरवता येत नाही आणि ज्याचे परिणाम अनिश्चित असतात, तेथे थांबण्यालाच मोल असते. एम.ए.ला हे मी समीकरणांसह शिकलो होतो. समजले मात्र आता.

कचरापेटी सर्वच चुका पोटात घेत नाही, हेही सांगितले पाहिजे. टर्मिनलवरची ‘आरएम’ ही आज्ञा तिला वळसा घालून जाते. शिफ्ट दाबून केलेले डिलीटही तसेच. पेन ड्राइव्हवरून टाकलेली फाईल बहुधा त्याच ड्राइव्हवरच्या लपलेल्या फोल्डरात जाते, त्यामुळे पेटी रिकामी करेपर्यंत जागा मोकळी होत नाही. साठलेला कचरा आपोआप जावा अशी इच्छा असेल, तर ‘ट्रॅश-सीएलआय’ हे साधन तीस दिवसांपूर्वीचे तेवढे काढून टाकू शकते. मी मात्र ते काम दर महिन्याला यादी वाचून हाताने करतो.

ताईला फोन केला. तिच्या ट्रंकेत मूळ पत्रांपैकी ११ निघाली. उरलेली ८ दोघांनी आठवून पाहिली. एकात पहिल्या पगाराविषयी काही लिहिले होते, एवढे दोघांनाही आठवते. नेमके शब्द आठवत नाहीत.