वाटेला वाट मिळते तेथें

आमचें न्हावरें देशावरचें, समुद्रापासून दूर. शिरूरहून चौफुल्यास जाणारा रस्ता आणि तळेगाव ढमढेऱ्याचा रस्ता येथें मिळतात, म्हणून येथें वर्दळ. बंदराचेंहि मर्म आम्हांस हेंच वाटतें.

हर्णै, दाभोळ, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्लें हीं बंदरें पूर्वीं आगबोटीनें मुंबईशीं जोडलेलीं होतीं. पुष्कळ ठिकाणीं बोट खोल पाण्यांत उभी राही व उतारू पडावांतून किनाऱ्यास येत. पडाव अडला, तर समोर दिसणारें बंदरहि परकें! पावसाळ्यांत तर समुद्राशीं हुज्जत चालतच नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून ६०० हून अधिक माणसें दगावलीं.

आतां ती जुनी आगबोट गेली. २०२० सालीं भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारीसुद्धां नेणारी रो-रो बोट सुरू झाली. दक्षिणेस आगरदांडा–दिघी, वेसवी–बागमांडलें, दाभोळ–धोपावें, जयगड–तवसाळ येथें फेरीबोटी खाड्यांचे मोठे वळसे वांचवितात. परंतु पैलतीरीं एस. टी. चुकली, तर वांचलेला वेळ धक्क्यावरच जातो. म्हणून वडील माणसें व मुलें घेऊन कोंकणांत उतरतांना वाचकांनीं बोटीच्या वेळेबरोबर शेवटची फेरी आणि पुढची गाडीहि आधींच विचारून ठेवावी.