आन्झात्स : उत्तराआधीचा आकार

आन्झात्स म्हणजे उत्तर सापडण्याआधीच मांडलेले उत्तराचे रूप. गणित आणि भौतिकशास्त्र यांनी हा जर्मन शब्द जसाच्या तसा आपलासा केला आहे. समीकरण सरळ वाटेने सुटेना की उत्तराचा जाणता अंदाज बांधायचा, त्यात काही अज्ञात संख्या मोकळ्या ठेवायच्या आणि तो समीकरणातच घालून पाहायचा. जुळला, तर त्या संख्या ठरतात. नाही जुळला, तर अंदाज सोडायचा. कल्पनेला इथे पूर्ण मोकळीक असते, पण शेवटचा शब्द समीकरणाचा.

अंदाज जाणता होतो तो समस्येच्या सममितीमुळे, सीमांवरील अटींमुळे आणि फलनांच्या स्वभावाच्या ओळखीमुळे. स्प्रिंगला टांगलेले वजन झोके घेत हळूहळू थांबते. त्याच्या गतीच्या अवकल समीकरणासाठी घातीय फलन निवडतात, कारण अवकलनानंतरही त्याचे रूप टिकते, फक्त एक गुणक पुढे येतो. सारे कोडे मग वर्गसमीकरणावर येऊन ठेपते. त्याची दोन्ही मुळे एकच निघाली, तर उत्तर अपुरे पडते. तेव्हा तेच फलन काळाने गुणून अंदाज पुरा करतात.

या रीतीचे सर्वांत देखणे रूप हान्स बेथे यांनी १९३१ मध्ये दाखवले. हायझेनबर्ग यांच्या चुंबकत्वाच्या प्रतिकृतीत, एका रांगेतले स्पिन, म्हणजे कणांचे सूक्ष्म चुंबक, फक्त शेजाऱ्यांशी बांधलेले असतात. एखादा स्पिन उलटला की ते उलटेपण लाटेसारखे रांगभर फिरते. अशा अनेक लाटा एकमेकींना भेटल्या, तरी त्या साध्या लाटाच राहतात, फक्त त्यांची कला सरकते, असे बेथे यांनी धरले. हा अंदाज तंतोतंत खरा ठरला. तो त्रिमितीत नेण्याचा त्यांचा मनोदय मात्र सफल झाला नाही. एका रेषेवर ही रीत फळत राहिली : १९६३ मध्ये लीब आणि लिनिगर यांनी बोसॉनांसाठी, तर १९६८ मध्ये लीब आणि वू यांनी इलेक्ट्रॉनांसाठी ती वापरली.

काही अंदाज तंतोतंत नसूनही मर्म पकडतात. तीव्र चुंबकीय क्षेत्रातल्या, एका प्रतलात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांसाठी रॉबर्ट लाफलिन यांनी १९८३ मध्ये असे तरंगफलन सुचवले, की कोणतेही दोन इलेक्ट्रॉन जवळ येताच ते झपाट्याने शून्याकडे जाते. त्यातून इलेक्ट्रॉनाच्या एक तृतीयांश विद्युत्भाराचे भाकीत निघाले. १९९७ मध्ये प्रयोगांनी तो भार मोजला आणि १९९८ च्या नोबेल पारितोषिकात लाफलिन वाटेकरी झाले. आन्झात्सचे मोल ठरते ते असे, त्यातून निघालेल्या निष्कर्षांच्या कसोटीवर.