बारामती ते इंदापूर : किती दूर?

दोन गांवांमधील अंतर कोसांनीं मोजावें कीं घटकांनीं, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. बारामतीहून इंदापूर किती दूर, असें आम्हीं आठवीच्या वर्गांत विचारलें, तेव्हां एकानें 'पन्नास किलोमीटर' म्हणून सांगितलें, दुसऱ्यानें 'दीड तास' म्हटलें, आणि तिसऱ्यानें 'विमानानें किती वेळ लागेल?' असा उलट प्रश्न केला. बारामतीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांचीं विमानें उडतांना मुलांनीं पाहिलेलीं आहेत. तेव्हां प्रश्न स्वाभाविकच होता.

मग फळ्यावर गणित मांडलें. सरळ रेषेंत हें अंतर सुमारें ४७ किलोमीटर भरतें. ताशी १८० किलोमीटर वेगाचें लहान विमान मिनिटास तीन किलोमीटर तोडतें. म्हणजे सोळा मिनिटें पुरेत. परंतु पावसाळ्यांत वारा पश्चिमेकडून येतो, आणि इंदापूर तर पूर्वेस. वाऱ्याचा वेग ताशी ३० किलोमीटर धरल्यास जातांना १३ मिनिटें व परततांना १९ मिनिटें लागतील. अंतर तेंच, वेळ मात्र निराळा! शिवाय इंदापुरास विमानतळ नाहीं, तेव्हां उतरावें कोठें? सिंगापूर व क्वालालंपूर यांमध्यें सरळ अंतर सुमारें ३०० किलोमीटर. विमानाच्या वेळापत्रकांत त्यास सुमारें एक तास लिहितात. पण विमानतळावर जाणें, तपासणी व प्रतीक्षा हीं त्यांत कोठेंच धरलेलीं नसतात.

याच वाटेनें तुकोबारायांची पालखी सणसर, बेलवाडी, निमगांव केतकी असें करीत इंदापुरास पोंचते. तिला अनेक दिवस लागतात. परंतु तो वेळ वाया गेला असें कोणी वारकरी म्हणत नाहीं. वाट स्वतः निवडलेली असली म्हणजे तिची लांबी जाचत नाहीं.

आमच्या एका विद्यार्थिनीची गोष्ट मात्र निराळी आहे. तिची वस्ती शाळेपासून अवघी नऊ किलोमीटर. गाडींत बसल्यावर वीस मिनिटांचा प्रवास. अहिल्याबाई होळकर योजनेमुळें तिला एस. टी.चें भाडेंही पडत नाहीं. पण फाट्यावर गाडीची वाट पाहण्यांत रोज दोन तास जात. हिवाळ्यांत लवकर अंधारूं लागलें, तेव्हां तिच्या वडिलांनीं शाळा बंद करण्याचें बोलून दाखविलें. त्यांची भीति खोटी नव्हती. आम्हीं तिघी मुलींच्या पालकांस एकत्र बोलाविलें; संध्याकाळीं पाळीपाळीनें एकानें फाट्यावर थांबावें असें ठरलें, आणि शाळेनें जादा तास सकाळीं घेतले. ती मुलगी आजही वर्गांत पहिल्या बांकावर बसते.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांपैकीं कोणी उद्यां वैमानिक होईल, कोणी रस्ते आंखील, कोणी गाड्यांचीं वेळापत्रकें करील. त्या वेळीं केवळ किलोमीटर मोजून थांबूं नका. फाट्यावर कोण, किती वेळ व कोणत्या प्रहरीं उभें आहे, हेंही विचारा. विमानानें सोळा मिनिटांची असलेली वाट एखाद्या मुलीस आयुष्यभर न ओलांडतां येण्याइतकी लांब होऊं शकते. आणि चार शेजाऱ्यांनीं मनावर घेतल्यास तीच वाट जवळचीही होते.