मधली फळी

मामा गुंतकल जंक्शनला रेल्वेत होता. १९७६ च्या मे महिन्यात तो सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्या सामानात एक पत्र्याचा डबा होता. झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली. आत एक कासव. काळपट पाठीवरच्या प्रत्येक उंचवट्यातून पिवळ्या रेघा चांदणीसारख्या फुटलेल्या. तिकडे माळावर, झुडपांच्या आडोशाला अशी पुष्कळ दिसतात, असं मामा म्हणाला. घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते, हेही त्यानेच सांगितलं.

मी तेव्हा आठ वर्षांची होते. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याच्या चौकात ते कासव सोडलं आणि त्याचं नाव गुंड्या पडलं. तीन वर्षं तो एकटा होता. तुळशीभोवतीची हरळी खायचा, जास्वंदीच्या पडलेल्या फुलांवर तुटून पडायचा, दुपारी बंबाच्या आडोशाला झोपायचा. त्याचं काही अडत होतं असं मला आठवत नाही. अडत होतं ते आजीचं. "एकट्या जिवाला करमत नाही गं," ती म्हणायची. आजोबा नुकतेच गेले होते. शेवटी १९७९ मध्ये मामाने दुसरं कासव आणलं. ते थोडं लहान होतं, म्हणून ती मादी, असं आम्हीच ठरवलं. तिचं नाव चांदणी.

पहिल्या पावसाने चौक भिजला की गुंड्याच्या अंगात यायचं. तो पाय रोवून चांदणीवर चालून जायचा, कवचाची पुढची कड तिच्या कुशीत आपटायचा. दोन करवंट्या एकमेकींवर ठोकाव्यात तसा आवाज सगळ्या वाड्यात घुमायचा. बिऱ्हाडकरूंची मुलं गोळा व्हायची. आजी हसून म्हणायची, लग्नघर झालंय. चांदणी जिन्याखाली कोळशाच्या पोत्यामागे जाऊन बसायची, कधी दोन दोन दिवस. ती लाजाळू आहे, असं आम्ही पाहुण्यांना सांगत असू.

त्या वाड्यात लपायला जागा किती होत्या, हे मला फार उशिरा कळलं. जिना, पोती, हौदाचा कोपरा, पाट्यामागची फट, मागचं परसू. एका ठिकाणाहून दुसरं दिसायचं नाही. चांदणी पंधरा वर्षं जगली ती त्या अडगळीच्या जिवावर.

१९९४ मध्ये वाडा पाडायला निघाला आणि आम्ही कर्वेनगरला दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. कासवांना गॅलरी मिळाली, दहा फूट लांब, चार फूट रुंद, पश्चिमेकडची. मोझेकची गुळगुळीत फरशी, चार कुंड्या. आता रोज, पावसाळा असो नसो, तो आवाज यायला लागला. गुंड्या खाण्याच्या ताटलीपाशी ठाण मांडायचा. काही वेळा काहीच करायचा नाही, नुसता तिच्यासमोर उभा राहायचा. चांदणी मान आत ओढून घ्यायची ती संध्याकाळपर्यंत. आम्हाला वाटलं, जागा बदलल्यामुळे सुस्तावली आहे.

एप्रिलच्या एका दुपारी आम्ही सगळे लग्नाला गेलो होतो. परत आलो तर चांदणी कुंडी आणि भिंत यांच्या मध्ये उताणी अडकलेली, पाय हवेत, उन्हात. गुंड्या पलीकडे सावलीत. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात. उलटं पडलं की पोटातल्या सगळ्या अवयवांचा भार त्यांच्यावर येतो, आणि वर ऊन असेल तर फार वेळ उरत नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिच्या तोंडाशी फेस होता एवढंच दिसलं.

पुढे कधीतरी मी वाचलं की गाबोर डोमोकोश आणि पीटर वारकोन्यी या दोन हंगेरियन संशोधकांनी २००६ मध्ये 'गोम्बोत्स' नावाचा एक भरीव आकार घडवला. आत कुठेही वजन न घालता, कसाही ठेवला तरी आपोआप एकाच बाजूवर उभा राहणारा. त्याच्याशी मिळताजुळता आकार निसर्गात शोधताना ते कासवांपाशी पोचले आणि आपल्या तारा कासवाची घुमटासारखी पाठ त्यांना त्या आकाराच्या फार जवळची वाटली. म्हणजे उलटून पडलेलं हे जनावर मान आणि पाय थोडे हलवून स्वतःच सरळ होऊ शकतं. चौकातल्या मातीवर चांदणी नक्कीच कित्येकदा अशी सरळ झाली असेल, आमच्या नकळत. गॅलरीच्या कोपऱ्यात मात्र घरंगळायलाच जागा नव्हती. ते वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

त्या संध्याकाळी ज्या डॉक्टरांकडे धावलो, त्यांनी तिला ओल्या फडक्यात गुंडाळलं, पाणी पाजलं, मग अलगद आडवं धरून पोट पाहिलं. खालच्या कवचाला मधोमध खोलगट खळगा होता. शेपूट लांब, एका बाजूला वळवलेली. "हा नर आहे," ते म्हणाले. मादीचं पोट सपाट असतं, शेपूट आखूड, आणि मुख्य म्हणजे ती नरापेक्षा चांगलीच मोठी होते. लहान म्हणून मादी, हा आमचा हिशोबच उलटा होता. चांदणीच्या मागच्या पायांवर जुन्या चाव्यांचे वण होते. सतरा वर्षांत आमच्यापैकी कुणी ते पाहिले नव्हते.

आजीने विचारलं, मग दोघे भाऊ-भाऊ म्हणून राहतील ना? डॉक्टरांनी तिला समजावलं. मादी खड्डा करून अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. काही महिन्यांनी पिलं बाहेर येतात तेव्हा त्यांना आई दिसत नाही, आणि त्यांचं त्यामुळे काही बिघडत नाही. आजीला हे पटणं अवघड होतं. कासवी पिलांना नुसत्या नजरेने वाढवते, हे तिने आयुष्यभर कीर्तनात ऐकलं होतं. संतांनी ती उपमा माउलीच्या कृपेसाठी योजली, आणि त्या जागी ती मला आजही तितकीच खरी वाटते. पण आमच्या गॅलरीत एका कासवाची दुसऱ्यावरची नजर म्हणजे पहारा होता.

वडिलांनी मधोमध कोंबड्यांची जाळी लावली. त्याने अधिकच बिघडलं. गुंड्या दिवसभर जाळीला धडका देत, तिच्या कडेने येरझाऱ्या घालत राहिला. चांदणी पलीकडच्या टोकाला गोठल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, "आरपार दिसता कामा नये." मग जाळी काढून दोन फूट उंचीची प्लायवूडची फळी ठोकली. वेगळी ताटली, वेगळं पाणी, दोघांच्या आडोशाला अर्धं फुटकं मडकं. आठवडाभर गुंड्याने फळीला धडका दिल्या, मग त्या विरळ होत गेल्या. बाराव्या दिवशी चांदणी भर दुपारी मडक्याबाहेर आली आणि पाय पसरून उन्हाच्या तिरिपेत बसली. मान पूर्ण बाहेर. तिची मान एवढी लांब असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

आजी शेवटपर्यंत चांदणीला 'ती'च म्हणाली. मीही म्हणते. संध्याकाळी आजी फळीच्या एका बाजूला पाट टाकून बसायची, थोड्या वेळाने पाट उचलून दुसऱ्या बाजूला.

तारा कासव पाळणं आपल्या कायद्यात बसत नाही, हे आम्हाला फार उशिरा समजलं. समजल्यावर २००५ मध्ये आम्ही दोघांना वनखात्याच्या स्वाधीन केलं. २०१९ पासून तारा कासवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांना वाघाच्या पंगतीला बसवलं आहे. तरीही पुण्यातल्या फ्लॅटांमधून ती अजून सापडतात. अलीकडे अशी सोडवलेली बरीच कासवं इथून चंद्रपूरकडे, ताडोबाजवळ मोहर्लीला नेऊन हळूहळू जंगलाची सवय लावून मोकळी केली, हे वाचून मला फार बरं वाटलं. गेल्या वर्षी सोसायटीतल्या एका मुलीने विचारलं, "मावशी, आमचं कासव एकटं कंटाळतं, जोडीला दुसरं आणू का?" मी तिला १९२६ हा वनविभागाचा नंबर लिहून दिला आणि तिच्या आईशी बोलायला स्वतः वर गेले.

ती फळी माझ्याकडे आहे, कपाटामागे. गुंड्याच्या बाजूने खालची चार बोटं प्लाय पार खरवडून निघालं आहे, पापुद्रे सुटले आहेत. चांदणीच्या बाजूला एक ओरखडा नाही.