काळ्या दगडावरची रेघ

काळ्या दगडावरची रेघ, असं म्हटलं की आपल्याकडे विषय संपतो. पण रेघ टिकते ती दगडामुळे की आणखी कशामुळे, हे मनातून जात नाही.

सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. त्या रसावर कोण चालणार? चालण्याची रेघ उमटली ती जर्मनीत, बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या फिकट चुनखडकात. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्राचं खाजण होतं. तळाचं पाणी अतिखारट, प्राणवायू जवळजवळ नाहीच. एक हॉर्सशू क्रॅब त्यात येऊन पडला, सावरला आणि चालू लागला. पायांचे बारीक ठसे, मध्ये शेपटीची ओढ, ९.७ मीटर. पुढे पुढे ठसे विस्कटत जातात. टोकाला तो स्वतः आहे.

तळ जगण्याजोगा असता तर किड्यांनी चिखल ढवळला असता, मेलेलं खाऊन टाकलं असतं. तिथे कुणाला राहता आलं नाही, म्हणून ठसा राहिला. मग जे समुद्र नीट नांदले, त्यांचं काय? ते स्वतःच्या खुणा खाऊन संपले.

याच दगडाच्या बारीक पोतावर १८व्या शतकाच्या अखेरीस आलोइस सेनेफेल्डरने छपाईची युक्ती काढली. तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा. शाई तेलकट रेघेलाच धरते. हा शिळाछाप. राजा रविवर्म्याची लक्ष्मी घरोघरच्या देवघरांत आली ती शिळाछापानेच, १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या छापखान्यातून. एकेका रंगाला वेगळा दगड. काम झालं की वाळू-पाणी घालून दगड घासायचा आणि त्यावर दुसरं चित्र काढायचं.

म्हणजे दगडावरची रेघ पुसली जाते आणि चिखलातली राहते. मग म्हणीतला भरवसा दगडाचा, की पुसणारं कुणी न फिरकण्याचा? दुसरं खरं असेल, तर टिकणं मला पूर्वीइतकं हवंसं वाटत नाही. लक्ष्मी मात्र दगड घासला तरी राहिली, कारण माणसांनी तिला कागदावर घरी नेलं, रोज हळदकुंकू वाहिलं. टिकण्याची ही रीत मला अधिक भली वाटते. तरीही माझा जीव अडकतो तो त्या ९.७ मीटरांतच, आणि तिथे कुणाचं काही भलं झालेलं नाही.